खुर्ची जुनी, पण बसणार कोण?

गेल्या वर्षी ऐन गणपतीच्या धामधुमीत वाईहून आमच्या धाकट्या बंधूंचा फोन आला. "दादा, वाड्याचं ठरलं. दिवाळीपर्यंत रिकामा करून द्यायचाय. भांडीकुंडी वाटून झाली. आजोबांची आरामखुर्ची तेवढी राहिलीय. तुला पाठवू, की देऊन टाकू?"

आजोबांची आरामखुर्ची! काळ्याभोर शिसवीची, वेताने विणलेली, पाय पसरायला लांबलचक फिरते हात असलेली. ओटीवर तिची जागा ठरलेली होती आणि आजोबा नसतानाही तिच्यात बसायची आम्हां मुलांची छाती नव्हती. पासिर रिसमधल्या आमच्या सदनिकेत ती खिडकीपाशी मांडली आहे, समुद्राकडून वारा येतो आहे आणि आम्ही हातात चहाचा पेला घेऊन तिच्यात रेललो आहोत, असे चित्र आमच्या डोळ्यांपुढे लगेच उभे राहिले. "पाठव," असे आम्ही म्हणणार, इतक्यात स्वयंपाकघरातून विचारणा झाली, "ठेवणार कुठे? आणि तिच्यात बसणार कोण?"

या दोन प्रश्नांची उत्तरे शोधताना आमचे दोनतीन महिने गेले. त्या काळात जुन्या खुर्च्यांविषयी बरेच काही कळले. इथल्या अनेक मराठी घरांपुढे आज ना उद्या हाच प्रश्न येतो. कोणाचा गावाकडचा वाडा जातो, कोणाला जुन्या सामानाची हौस असते, तर कोणाला नव्या भुशाच्या फळ्यांच्या फर्निचरचा वीट आलेला असतो. म्हणून हा लेखप्रपंच.

अँटिक कोणते, व्हिंटेज कोणते?

दुकानदार हे दोन्ही शब्द मिठासारखे वापरतात. साधारण रूढ अर्थ असा, की शंभर वर्षे उलटून गेलेली वस्तू अँटिक आणि त्याहून लहान, पण आपल्या काळाचा छाप अंगावर बाळगणारी वस्तू व्हिंटेज. दुसरा शब्द मूळचा द्राक्षांच्या मळ्यातला. अमुक सालच्या पिकाची दारू, एवढाच त्याचा अर्थ. तेव्हा आजीच्या माहेरची खुर्ची अँटिक असू शकेल आणि आपल्या वडिलांच्या कचेरीतली वेताची खुर्ची व्हिंटेज. मात्र वय हा गुण नव्हे. शंभर वर्षांपूर्वीही वाईट सुतार होतेच.

मग जुनी खुर्ची घ्यावी कशाला? आमच्या मते कारण एकच आणि ते पक्के आहे. ती दुरुस्त होते. जुने सुतार लाकडाचे सांधे एकमेकांत बसवून सरसाने चिकटवीत. सरस गरम पाण्याने सुटतो. त्यामुळे खिळखिळी झालेली खुर्ची सोडवून, साफ करून पुन्हा जोडता येते. वेत तुटला तर नवा विणता येतो. आजची भुशाच्या फळीची खुर्ची एकदा स्क्रूच्या जागी फुटली की तिला कचऱ्याचीच वाट. जी वस्तू एकदा सत्तर वर्षे टिकली, ती थोड्या देखभालीने आणखी तीस वर्षे टिकेल, हा हिशेब कोणालाही पटावा.

आधी बसणारा, मग खुर्ची

आम्ही आईला फोन केला. आईचे वय अठ्ठ्याहत्तर, गुडघे दोन्ही कुरकुरणारे. थंडीत ती आमच्याकडे तीन महिने राहायला यायची होती. "आई, आजोबांची खुर्ची इकडे आणतोय. तुलाच बसायला होईल."

पलीकडे थोडा वेळ शांतता होती. मग आई म्हणाली, "अरे, त्या घरात चोपन्न वर्षं काढली मी. त्या खुर्चीत एकदाही बसले नाही. मामंजी असताना प्रश्नच नव्हता, आणि ते गेल्यावर बसावंसं वाटलं नाही. आता तर बसले, तर उठायला दोन माणसं लागतील!"

आम्ही खजील झालो. खरेच, ओटीवर खुर्ची होती, माजघरात झोपाळा होता, पंगतीला पाट होते. पण घरातल्या बायकांना बसायला उंबरठा किंवा जमीन. जुन्या खुर्चीच्या कौतुकात हे आम्ही विसरूनच गेलो होतो. तेव्हा पहिला धडा असा की खुर्ची पसंत करण्यापूर्वी ती कोणासाठी हे ठरवावे, आणि ज्याच्यासाठी घ्यायची त्याला बरोबर न्यावे.

मापे साधी आहेत. बसल्यावर दोन्ही तळवे जमिनीवर सपाट टेकावेत आणि गुडघे काटकोनात यावेत. बहुतेकांना बैठक जमिनीपासून १७ ते १८ इंच उंच असली म्हणजे बरे पडते. गुडघे दुखणाऱ्यांना १८ ते १९ इंच. जुन्या चिनी खुर्च्या याहून उंच असतात, कारण त्यांच्या पुढच्या आडव्या पट्टीवर पाय टेकवून बसायची पद्धत होती. जेवणाच्या टेबलाशी खुर्ची लावायची असेल तर बैठक आणि टेबलाचा माथा यांत दहाबारा इंचांचे अंतर हवे. हात असलेली खुर्ची असेल तर ते हात टेबलाखाली जातात का, हेही बघावे.

वयस्क माणसासाठी खुर्चीला हात हवेतच, आणि ते बैठकीच्या पुढच्या काठापर्यंत आलेले हवेत, म्हणजे रेटा देऊन उठता येते. बैठक खोल आणि मागे उतरती असली की गुडघ्यांवर सगळा भार येतो. आरामखुर्ची नेमकी अशीच असते. मळेवाल्या साहेबाने दिवसभर घोड्यावरून फिरून यावे, फिरत्या हातांवर पाय टाकून पडावे आणि नोकराने बूट काढावेत, या सोयीसाठी ती घडलेली. दुपारी पेपर तोंडावर घेऊन झोपायला उत्तम, पण पाहुण्यांशी गप्पा मारायला किंवा म्हाताऱ्या माणसाला उठायला अगदी गैरसोयीची.

इथे काय मिळते?

सिंगापूरला जुन्या बाजाराची परंपरा आहे. सुंगेई रोडचा चोरबाजार १० जुलै २०१७ रोजी कायमचा उठला, तरी जुने सामान फिरत राहतेच. घरोघर भोंगा वाजवीत येणारे कारांग गुनीवाले, धर्मादाय संस्थांची जुन्या वस्तूंची दुकाने, औद्योगिक इमारतींतली जुन्या फर्निचरची गोदामे आणि फोनवरचे कॅरोसेल, अशा चार वाटांनी ते आपल्यापर्यंत येते. पाहण्यात येणाऱ्या खुर्च्या साधारण अशा.

पहिली कोपीतियामची खुर्ची, म्हणजे वाकवलेल्या लाकडाची. हिला पाहताच मुंबईकरांना इराण्याचे हॉटेल आठवते आणि ते बरोबरच आहे. धोबी तलावाच्या १९०४ सालच्या कयानीत असोत की इथल्या जुन्या कॉफीच्या दुकानात, या खुर्च्यांचे कूळ एकच. मिखाएल थोनेट या कारागिराने बीच झाडाचे लाकूड वाफेवर मऊ करून वाकवण्याची युक्ती काढली आणि १८५९ साली व्हिएन्नात आपली १४ नंबरची खुर्ची बाजारात आणली. सहा लाकडी भाग, दहा स्क्रू आणि दोन नट, एवढ्यावर ती उभी. सुटे भाग करून छत्तीस खुर्च्या एक घनमीटरच्या खोक्यात मावत, म्हणूनच ती जहाजाने जगभर पोहोचली. पुढे पोलंड आणि चेकोस्लोव्हाकियातल्या कारखान्यांनीही अशा खुर्च्या काढल्या. बैठकीच्या कड्याच्या आतल्या बाजूला शिक्का किंवा कागदी चिठ्ठी सापडली तर नशीब समजावे. वजनाला हलकी, सदनिकेला सोयीची आणि स्क्रू आवळले की पुन्हा घट्ट, अशी ही गुणी खुर्ची आहे.

दुसरी वेताची. इथे वेताला रोतान म्हणतात. वेत हा झाड नसून काटेरी वेलीसारखा वाढणारा ताड आहे आणि त्याचे माहेरघर शेजारचे इंडोनेशिया. २०१२ पासून तिथून कच्चा वेत बाहेर पाठवायला बंदी आहे. जुन्या वेताच्या खुर्चीत वाकलेल्या जागी तडे आहेत का आणि गुंडाळलेल्या पट्ट्या सुटल्या आहेत का, ते बघावे.

तिसरी चिनी काळ्या लाकडाची, संगमरवर आणि शिंपल्याचे काम असलेली. बाबा-न्योन्या घराण्यांच्या दिवाणखान्यात अशा खुर्च्या भिंतीला लावून मांडत. आर्मेनियन स्ट्रीटवरच्या पेरानाकान म्युझियममध्ये त्या घराण्यांचे सामान पाहायला मिळते. देखणी, पण बोजड. आपल्या बैठकीच्या खोलीत एखादी शोभेल; चार ठेवल्या तर माणसांनी उभे राहावे लागेल.

चौथी १९५० ते १९७० च्या दरम्यानची सागवानी, डॅनिश धर्तीची. बारीक पाय, सुट्या गाद्या. आमच्या मते लहान सदनिकेला सर्वांत जुळणारी. हिच्या गादीतला जुना फोम मात्र हाताला भुगा होऊन लागतो. तो सरळ टाकून द्यावा आणि नवा भरून घ्यावा.

खुर्ची उलटी करून पाहा

कापड घेताना आपण उलटी बाजू बघतो, तसेच इथे करावे. दुकानदाराला विचारून खुर्ची उलटी करावी. खालच्या बाजूला ना पॉलिश असते ना सोंग.

हाताने बनवलेल्या खुर्चीत आतल्या बाजूला रंध्याचे थोडे चढउतार बोटांना लागतात. फिलिप्स पद्धतीचे, म्हणजे फुलीच्या खाचेचे स्क्रू १९३० च्या दशकानंतरचे. तेव्हा "दीडशे वर्षांपूर्वीची" म्हणून दाखवलेल्या खुर्चीत ते सगळीकडे असतील तर गालातल्या गालात हसावे. एखादाच असेल तर ती नंतरची दुरुस्ती असू शकते. झीज जिथे व्हायची तिथेच झालेली हवी. हाताच्या टोकाशी, पुढच्या आडव्या पट्टीवर आणि पायांच्या तळाशी. सगळीकडे सारखी झिजलेली खुर्ची ही बहुधा कानस मारून म्हातारी केलेली असते.

मग खुर्ची सरळ करून पाठीमागून दोन्ही हातांनी धरावी आणि तिरकी हलवावी. थोडी कुरकुर चालेल, कारण सांधा पुन्हा चिकटवता येतो. पण सांध्याजवळच लाकूड फुटले असेल, किंवा कोणी खिळे ठोकून, लोखंडी पट्ट्या मारून ती "मजबूत" केली असेल, तर सोडून द्यावी. एक खिळा ठोकणे सोपे, पण तो सांधा पुन्हा नीट करणे फार कठीण.

वेताची जाळी दोन तऱ्हांची असते. कडेने भोके असतील आणि एकेक पट्टी त्यांतून ओवलेली असेल तर ती हातविणीची. कडेला खाच असून तयार जाळी त्यात ठोकून बसवलेली असेल तर ती स्वस्तात बदलता येते. आपल्याकडे अंधांच्या शाळांतून हे विणकाम शिकवले जाई आणि सरकारी कचेऱ्यांच्या खुर्च्या त्या हातांनी विणल्या जात, हे जुन्या वाचकांना आठवत असेल. विणणारे आता थोडे राहिले. म्हणून हातविणीची जाळी तुटकी असेल तर आधी विणणारा शोधावा, मग खुर्ची घ्यावी.

सर्वांत महत्त्वाचे म्हणजे न बोलावता येणारे पाहुणे. लाकडात टाचणीएवढी भोके दिसली तर घाबरू नये. आत काळपट असतील तर ती जुनी असतात. पण भोके आतून ताजी, फिक्या रंगाची असतील आणि खाली पिठासारखा भुसा पडत असेल, तर किडा आत जेवतो आहे असे समजावे. गडद कागदावर आठ दिवस खुर्ची ठेवली की पडलेले पीठ लगेच दिसते. गादीच्या शिवणीत काळे ठिपके म्हणजे ढेकूण. ब्लॉकच्या खाली कोणी टाकून दिलेली गादीची खुर्ची फुकट मिळते म्हणून उचलून आणू नये, ते याचसाठी. आणि जुना रंग खरवडायचा असेल तर जपून. त्यात शिसे असू शकते. लहान मुले असलेल्या घरात ते काम कारागिराकडेच द्यावे.

इथली हवा

आपल्या या पासिर रिसला समुद्र जवळ. हवेतले बाष्प वर्षभर सरासरी ऐंशी टक्क्यांच्या पुढे. साताऱ्याच्या कोरड्या हवेत वाढलेले लाकूड इथे फुगते आणि मग एअरकंडिशनच्या वाऱ्यात आकसते. या ओढाताणीत सांधे सुटतात, फळ्यांना भेगा जातात. खुर्ची एअरकंडिशनच्या झोतात ठेवू नये आणि दुपारच्या उन्हातही ठेवू नये. नळीच्या लोखंडी खुर्च्या खाऱ्या वाऱ्याने गंजतात, त्यांना अधूनमधून कोरड्या फडक्याने पुसून मेण लावावे. पावसाळी दिवसांत बंद खोलीतल्या वेतावर पांढुरकी बुरशी धरते. ती पुसून खुर्ची सावलीत वाऱ्याला ठेवली की पुरते.

घरात जागा नाही म्हणून खुर्ची दाराबाहेर मांडायची असेल, तर जाण्यायेण्याची वाट १.२ मीटर मोकळी राहिली पाहिजे, हा आगीपासून सुरक्षिततेचा नियम लक्षात ठेवावा. आणि खरेदीआधी लिफ्टचे दार, घराचे दार आणि वळण मोजून घ्यावे.

गावाकडून आणायची असेल तर

आता आजोबांच्या खुर्चीकडे वळू. भारताच्या १९७२ च्या पुरावस्तू कायद्याप्रमाणे शंभर वर्षे किंवा त्याहून जुनी कलाकुसरीची वस्तू खासगी माणसाला देशाबाहेर नेता येत नाही. वस्तू तेवढी जुनी नाही, पण दिसायला जुनी आहे, अशा वेळी पुरातत्त्व खात्याकडून तसे प्रमाणपत्र घ्यावे, म्हणजे बंदरावर खोळंबा होत नाही.

लाकडाचा प्रश्न वेगळा. शिसव आणि तिच्या कुळातली सगळी झाडे २०१७ पासून सायटिस या आंतरराष्ट्रीय कराराच्या यादीत आहेत. दहा किलोपर्यंतच्या तयार सामानाला २०१९ पासून सवलत आहे; त्यावर गेलात की दोन्हीकडची परवानगी हवी. सिंगापूरकडून ती नॅशनल पार्क्स बोर्ड देते. सागवानाला ही अट नाही. शिवाय आयात मालावर ९ टक्के जीएसटी आहे. नव्याने राहायला येणाऱ्यांना वापरलेल्या घरगुती सामानावर तो माफ होऊ शकतो, पण ते सामान किमान तीन महिने वापरातले हवे आणि आल्यापासून सहा महिन्यांच्या आत यायला हवे. म्हणजे इकडे बदली होऊन येतानाच आणले तर सोपे, आमच्यासारखे वर्षानुवर्षे राहून मग जागे झाले तर खर्चाचे.

हे कायदे जाचक वाटतात, पण त्यामागे कारण आहे. चंडीगढच्या सरकारी कचेऱ्यांतल्या पिएर जॉनरे यांनी आखलेल्या सागवानी खुर्च्या आपण भंगार म्हणून लिलावात काढल्या आणि परदेशी लिलावांत त्यांना लाखांचे मोल आले. २०११ मध्ये केंद्र सरकारने त्या बाहेर जाण्यावर बंदी घातली, तोवर पुष्कळ खुर्च्या गेल्या होत्या.

बंधूंनी आजोबांची खुर्ची वाण्याच्या काट्यावर नेऊन ठेवली. चौदा किलो भरली. गावातल्या सुताराने लाकूड अस्सल शिसव असल्याचे सांगितले. वय मात्र कोणालाच ठाऊक नव्हते. आजोबांनी विकत घेतली की त्यांच्या वडिलांनी, हे सांगणारे कोणी उरले नव्हते.

शेवट काय झाला?

खुर्ची वाईतच राहिली, बंधूंच्या नव्या घराच्या गच्चीत. वाडा सोडायच्या दिवशी बंधूंनी आईला आग्रह करून तिच्यात बसवले. आई बसली, लांब हातांवर पाय टाकले, आणि उठताना खरेच दोन माणसे लागली. "आता कळलं, मामंजी उठत का नसत," असे ती म्हणाली आणि सगळे हसले, असा फोन आला.

डिसेंबरात ती इकडे आली. आम्ही तिला एका जुन्या सामानाच्या गोदामात घेऊन गेलो. काळ्या लाकडाच्या शिंपलेवाल्या खुर्चीवर आमचा डोळा होता. आई मात्र एकेका खुर्चीत बसत आणि उठत पुढे गेली, भाजी निवडावी तशी. शेवटी एका सागवानी, वेताच्या पाठीच्या साध्या खुर्चीपाशी थांबली. बैठक अठरा इंच, हात पुढपर्यंत आलेले, एक सांधा ढिला. हातांवर रेटा देऊन ती एका दमात उठली. "हीच घे. हिच्यातून मला कोणाला हाक न मारता उठता येतं."

सांधा चिकटवून घेतला. खुर्ची खिडकीपाशी ठेवली आहे. तीन महिने आईने तिच्यात बसून पोथी वाचली, शेंगा सोलल्या आणि खाली खेळणाऱ्या मुलांवर नजर ठेवली. आई परत गेल्यावर आता आम्ही तिच्यात बसतो. पण घरात तिला सगळे "आईची खुर्ची" म्हणतात. नातवंडे मोठी होतील तेव्हा ती अँटिक ठरेल की नाही, ते त्यांनी बघावे.